रीमा लागू आणि ‘आई’चा शिक्का

१८ मे २०१७ च्या पहाटे रीमा लागू यांचे मुंबईत हृदयक्रिया बंद पडून निधन झाले, आणि त्यानंतरच्या चार-आठ दिवसांत वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयी जो मजकूर छापून आला, त्यातील बहुतेक मथळ्यांत ‘आई’ हा एकच शब्द निरनिराळ्या विशेषणांसह मिरवत होता. लाडकी आई गेली, सोज्ज्वळ आई गेली, नव्या जमान्याची आई गेली, असा तो सूर होता. लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांचा शोक खरा होता. परंतु ज्या गौरवात एका कलावतीच्या चाळीस वर्षांच्या उद्योगाचा तपशील गाळून केवळ एका नात्याचे नाव शिल्लक ठेवले जाते, तो गौरव पुढेमागे आक्षेपाचे रूप घेतल्यावाचून राहत नाही, आणि तसे ते त्याने घेतलेही. नाट्यचित्रपटांची बऱ्यापैकी जाण असलेली माणसेही आता निर्धास्तपणे असे म्हणताना आढळतात, की रीमाबाई गुणी खऱ्या, पण त्यांनी आपले सारे गुण आईच्या एकसुरी भूमिकांत घालवले. रंगभूमीने घडविलेली एक तेजस्वी नटी हिंदी चित्रपटांच्या आणि मालिकांच्या मोहाने साचेबंद झाली. आणि जे काही त्यांनी केले त्यात अभिनयापेक्षा मुद्रेवरच्या उपजत वात्सल्याचाच भाग अधिक होता. हे मत मला साफ नामंजूर आहे. ते एका व्यक्तीवर अन्याय करते एवढ्यासाठीच नव्हे, तर ज्या व्यवस्थेने हा अन्याय केला तिला ते बिनबोभाट निर्दोष सोडते, आणि जिच्यावर तो झाला तिच्याच माथी दोष मारते, म्हणून मला त्याचा प्रतिवाद करणे अगत्याचे वाटते.

पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडायचा तर त्यातील खरा अंश आधी कबूल केला पाहिजे. १९८८ सालच्या ‘कयामत से कयामत तक’ पासून पुढची सुमारे वीस वर्षे हिंदी चित्रपटांनी रीमाबाईंना जवळजवळ अखंडपणे आईच्याच भूमिका दिल्या, ही गोष्ट निर्विवाद आहे. ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘साजन’, ‘हम आपके हैं कौन’, ‘येस बॉस’, ‘कुछ कुछ होता है’, ‘हम साथ साथ हैं’, ‘वास्तव’, ‘कल हो ना हो’ ही यादी कोणालाही पाठ म्हणता येईल. यांतील काही भूमिका अगदी किरकोळ होत्या, हेही खरे. पण ‘दिल्या’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले आहे. कोणती भूमिका कोणाला मिळावी याचा फैसला ज्या दप्तरात होतो, त्या दप्तरात नटीला बसायला जागा नसते. आक्षेपक ‘दिल्या’ च्या जागी ‘घेतल्या’ हे क्रियापद घालतात आणि तेथूनच त्यांच्या युक्तिवादाचा पाया चुकतो.

त्यांना दुसरी गोष्ट विसरायला होते ती ही, की १९८८ साली रीमाबाई कोठून तरी अकस्मात अवतरल्या नव्हत्या. २१ जून १९५८ चा त्यांचा जन्म. माहेरचे नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या स्वतः रंगभूमीवरील नामांकित अभिनेत्री, ‘लेकुरे उदंड जाली’ मुळे घरोघर ठाऊक झालेल्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षण झाले, आणि तेथेच त्यांचे अभिनयाचे अंग लोकांच्या नजरेस आले. पुढे मुंबईत युनियन बँकेत नोकरी, आणि दिवसाची कचेरी सांभाळून रात्री नाटक, असा तो क्रम कित्येक वर्षे चालला. बँकेच्या खातेवह्या आणि नाटकाच्या तालमी यांची ही जोडी मराठी रंगभूमीच्या इतिहासात नवी नाही. आमच्या कितीतरी उत्तमोत्तम नटनट्यांना बँकांनी, विमा महामंडळाने आणि सरकारी खात्यांनी पोसले आहे, व त्या पगाराच्या आधारावरच त्यांना पैशासाठी वाटेल ते नाटक स्वीकारण्याची पाळी आली नाही. अशा शिस्तीत घडलेली बाई मोहाला बळी पडली असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबायला हवे होते.

त्या काळातील दोन नाटकांकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. पहिले जयवंत दळवींचे ‘पुरुष’, विजया मेहता यांनी बसविलेले. गुलाबराव नावाचा सत्तेने मातलेला पुढारी अंबिका आपटे या शिक्षिकेवर बलात्कार करतो, आणि न्यायाचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर ती स्वतःच्या हाताने त्याचे पौरुष हिरावून घेते, हे त्याचे कथासूत्र. नाना पाटेकरांचा गुलाबराव त्या वेळी गाजला आणि तो गाजण्यासारखाच होता. पण नाटकाच्या नावात पुरुष असला तरी नाटकाचा भार अंबिकेवर आहे, ही गोष्ट त्या गाजावाजात मागे पडली. गुलाबराव पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत गुलाबरावच राहतो, तो बदलत नाही. बदलते ती अंबिका. ध्येयवादी मास्तरांची विश्वासू मुलगी, मग अत्याचाराखाली चिरडलेली स्त्री, मग कोर्टकचेऱ्यांच्या उंबरठ्यावर अवहेलना सोसणारी फिर्यादी, आणि अखेर स्वतःच न्यायासनावर बसून शिक्षा अमलात आणणारी करारी बाई, असा चढत जाणारा प्रवास जर नटीने पायरी पायरीने पटवून दिला नाही, तर शेवटचे कृत्य प्रेक्षकाला केवळ धक्कादायक वाटेल, अपरिहार्य वाटणार नाही. रीमाबाईंची अंबिका त्या टोकाला पोहोचली तेव्हा प्रेक्षागृह तिच्या बाजूला उभे असे. आज ज्यांना त्यांच्या मुद्रेवर केवळ वात्सल्य दिसते, त्यांनी त्या मुद्रेवरचा हा सूड आठवावा.

दुसरे नाटक शेखर ताम्हाणे यांचे ‘सविता दामोदर परांजपे’. कुसुम नावाच्या एका विवाहितेच्या देहात सविता नावाची मृत स्त्री वावरते आहे, आणि ती कुसुमच्या नवऱ्यावर हक्क सांगते आहे, असा तो विलक्षण मामला. येथे नटीला एकाच देहातून दोन स्त्रिया उभ्या करायच्या असतात. वेशभूषा बदलायला अवसर नाही, चेहऱ्यावर नवा रंग चढवायला अवसर नाही; बदलणार तो आवाज, मानेचा कल, पाऊल टाकण्याची ढब, नजरेचा रोख. एकीला वेदना आहे आणि तिचे कारण तिला ठाऊक नाही. दुसरी ती वेदना देते आहे आणि तिला सारे ठाऊक आहे. या दोघींमधली सीमारेषा थोडी जरी पुसट झाली तरी नाटक भुताटकीच्या करमणुकीत घसरते, आणि ती जर फार ठळक केली तर बहुरूप्याचा खेळ होतो. हे नाटक म्हणजे रीमाबाई असे समीकरण त्या काळच्या प्रेक्षकांनी बांधले ते काही आईपणाच्या जोरावर नव्हे. रत्नाकर मतकरींच्या ‘घर तिघांचं हवं’ मधली त्यांची भूमिका हाही असाच एक स्वतंत्र दाखला आहे; विस्तारभयास्तव तो येथे नुसता नोंदवून ठेवतो.

चित्रपटांतही आरंभ वेगळाच होता. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’, गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’, श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ हे त्यांचे सुरुवातीचे चित्रपट. ‘आक्रोश’ मध्ये त्या नाचणारणीच्या रूपात दिसतात. पुढे अरुणा राजे यांच्या ‘रिहाई’ त, नवरे मुंबईला पोट भरायला गेल्यावर मागे गावात राहिलेल्या बायकांच्या देहधर्माची जी निर्भय गोष्ट सांगितली आहे, तीत या बाईंनी पत्करलेली भूमिका प्रतिष्ठित घरातील अनेक नायिकांनी हातात धरली नसती. आणि हा चित्रपट कोणत्या सुमारास आला? १९८८ च्याच. म्हणजे ज्या वर्षी हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांच्या नावापुढे ‘आई’ अशी नोंद केली, त्याच सुमारास त्या परपुरुषाच्या ओढीत सापडलेली एक तरुण खेडूत बायको रंगवीत होत्या. दोन्ही भूमिका एकाच नटीच्या, एकाच वयातल्या. एकीची नोंद दप्तरात राहिली, दुसरीची झालीच नाही.

आता वयाचा हिशेब करू. हा हिशेब रुक्ष आहे, पण तो केल्याशिवाय या प्रकरणातील खरा आरोपी सापडत नाही. ‘कयामत से कयामत तक’ प्रदर्शित झाला तेव्हा रीमाबाईंची तिशीही पुरी झाली नव्हती, आणि त्यांच्या पडद्यावरील कन्या जुही चावला त्यांच्याहून अवघ्या साडेनऊ वर्षांनी लहान होत्या. ‘मैंने प्यार किया’ तील चिरंजीव सलमान खान साडेसात वर्षांनी लहान. ‘वास्तव’ मध्ये त्या ज्याच्या आई झाल्या, तो संजय दत्त जुलै १९५९ चा. म्हणजे मायलेकांच्या वयात अंतर तेरा महिन्यांचे. हा प्रकार एकट्या रीमाबाईंच्या वाट्याला आला असता तर आक्षेपकांच्या म्हणण्याला थोडी तरी जागा राहिली असती. पण मागचे दप्तर उघडून पाहा. ‘दीवार’ मध्ये निरूपा रॉय शशी कपूरहून सात वर्षांनीच वडील होत्या. ‘जॉनी मेरा नाम’ मध्ये आमच्या सुलोचनाबाई, ज्यांना ‘वहिनींच्या बांगड्या’ ने महाराष्ट्राच्या घराघरांत नेऊन बसविले त्या सुलोचनाबाई, देव आनंद आणि प्राण यांच्या आई झाल्या. देव आनंद त्यांच्याहून वयाने पाच वर्षांनी मोठे आणि प्राण आठ वर्षांनी मोठे. १९८२ च्या ‘शक्ती’ त राखी या अमिताभ बच्चन यांच्या आई, आणि त्या त्यांच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान. सहाच वर्षांपूर्वी ‘कभी कभी’ त त्या त्याच नटाच्या प्रेयसी होत्या. पुरुष नट जेथे होता तेथेच राहिला. त्याच्या समोरची स्त्री मात्र प्रेयसीच्या पाटावरून उठवून आईच्या पाटावर बसविली गेली.

महाराष्ट्राने या बाबतीत हिंदी चित्रपटसृष्टीला जणू एक अखंड परंपराच पुरविली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ तील तारामती आणि ‘अमरज्योती’ तील समुद्रावर राज्य करणारी बंडखोर सौदामिनी साकारणाऱ्या दुर्गाबाई खोटे पुढच्या पिढीला आठवतात त्या ‘मुघल-ए-आझम’ मधल्या जोधाबाई म्हणून. ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांतून अशोककुमारांबरोबर नायिका म्हणून गाजलेल्या लीलाबाई चिटणीस १९४८ च्या ‘शहीद’ पासून आई झाल्या त्या कायमच्याच. ललिता पवार यांच्या चेहऱ्यावर चित्रीकरणाच्या वेळी बसलेल्या एका थपडेने त्यांचे नायिकापद संपविले. या साऱ्याजणींना निदान काही वर्षे तरी नायिकापद उपभोगायला मिळाले. रीमाबाईंना हिंदी चित्रपटाने तेवढी मुदतही दिली नाही. ज्या वयात नायकाला ‘उगवता तारा’ म्हणतात, त्या वयात त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या केसांची बट चढली. हा शिरस्ता ज्यांनी घातला त्या निर्मात्यांना, वितरकांना आणि ज्याने तो मुकाट्याने चालवून घेतला त्या प्रेक्षकवर्गाला जाब न विचारता, जिला त्या शिरस्त्याखाली काम करावे लागले तिलाच ‘साचेबंद’ म्हणणे, हा न्याय कोणत्या प्रकारचा?

आणि येथेच एक विसंगती आहे, जी आक्षेपकांनी कधी लक्षात घेतलेली मला आढळली नाही. १९८४ च्या ‘सारांश’ मध्ये अनुपम खेर यांनी निवृत्त, पुत्रशोकाने खचलेल्या वृद्ध शिक्षकाची भूमिका केली तेव्हा तेही तिशीच्या आतच होते. त्या भूमिकेला फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, आणि ते रास्तच होते. तरुण नटाने वार्धक्याचा असा परकायाप्रवेश करावा याचे कौतुक आजही होते. मग त्याच वयात, त्याच प्रकारचे काम, तेही एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, एका स्त्रीने केले तर तिथे परकायाप्रवेश हा शब्द का आठवू नये? पुरुषाने आपल्या वयापेक्षा दुप्पट वय धारण केले की ती कला, आणि स्त्रीने केले की ते तिचे निसर्गदत्त मातृत्व! ‘सारांश’ मध्येच खेरांच्या पत्नीची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली आहे, आणि तीही भर तारुण्यात. पण त्या चित्रपटातील वयाच्या चमत्काराविषयी लिहिणारे दहापैकी नऊजण एकाच नटाचे नाव घेऊन थांबतात. हे सहज होत असेल. पण जे सहज होते त्याचीच अधिक कसून तपासणी करावी लागते.

उपजत वात्सल्याच्या या मुद्द्याला मी एका प्रसंगाच्या आधारे उत्तर देऊ इच्छितो. महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’ मध्ये रघू हा चाळीतला मुलगा गुन्हेगारीच्या वाटेने वर चढत जातो, आणि एके दिवशी घरी येऊन गळ्यातली पन्नास तोळ्यांची साखळी आईला दाखवतो. हा प्रसंग लोकप्रिय झाला तो मुलाच्या संवादामुळे. तो संवाद लोकांच्या ओठी बसला आणि त्या प्रसंगात एक आईही उभी आहे याचा विसर पडला. पण चित्रपटाचा शेवट त्या आईवाचून उभाच राहत नाही. पोलीस मागे लागलेले, आश्रयदाते उलटलेले, भीतीने बुद्धी भ्रमलेली, अशा स्थितीत रघू आईपुढे मरण मागतो, पिस्तूल तिच्या हाती देतो, आणि ती ते चालवते. आपल्या चित्रपटांच्या इतिहासात मुलावर गोळी झाडणारी आई या आधी एकदा होऊन गेली होती, १९५७ च्या ‘मदर इंडिया’ त. नर्गिसची राधा बिरजूवर गोळी झाडते ती गावाच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी. तिच्या हातामागे धर्म उभा आहे, सारे गाव उभे आहे, आणि त्या कृत्याला महाकाव्याची उंची लाभली आहे. ‘वास्तव’ मधल्या या आईच्या, शांतेच्या, मागे काहीही उभे नाही. ना गाव, ना धर्म, ना कोणते तत्त्व. तिच्यापुढे आहे तो कधी काळी तिने न्हाऊमाखू घातलेला आणि आता जनावरासारखा भेदरलेला जीव, आणि त्याची यातना थांबवण्याखेरीज तिला दुसरा हेतू नाही. नर्गिसचे अनुकरण करण्याचा मोह या ठिकाणी कोणत्याही नटीला झाला असता. संवाद उंचावून, डोळे विस्फारून हा प्रसंग उदात्त करता आला असता. रीमाबाईंनी तो लहान ठेवला. एका चाळकरी बाईला झेपेल एवढाच तो ठेवला. ज्या बाईने आयुष्यभर नळाच्या पाण्याचा आणि महिनाअखेरच्या पैशांचा हिशेब सांभाळला, ती या शेवटच्या कामालाही त्याच मुकाट कर्तव्याच्या वृत्तीने हात घालते, म्हणून ते दृश्य सहन होत नाही. याला उपजत वात्सल्य म्हणणाऱ्यांनी, कोणत्या आईच्या अंगी पोटच्या पोरावर गोळी झाडणे उपजत असते, ते सांगावे.

साचा एक होता, हे मी वर कबूल केले आहे. पण साच्यात ओतलेला धातू दर वेळी वेगळा होता, हे पाहण्यासाठी चित्रपट जरा लक्षपूर्वक पाहावे लागतात. ‘मैंने प्यार किया’ तील कौसल्या श्रीमंत घरात राहूनही नवऱ्याच्या पैशाच्या ताठ्यापुढे मान न तुकवणारी, होणाऱ्या सुनेची बाजू उघडपणे घेणारी बाई आहे. या आधीच्या चित्रपटांतील आई बहुधा रडे, देवघरात जाई आणि दैवाला बोल लावी. ही आई मुलाशी मैत्रिणीसारखी बोलते, थट्टा करते आणि वेळ आली की घरातल्या कर्त्या पुरुषाला विरोध करते. ‘हम आपके हैं कौन’ मध्ये तर एक गोष्ट फारच सुंदर साधली आहे. व्याही झालेले कैलासनाथ हे यातल्या आईचे कॉलेजातले जुने सोबती. त्या काळच्या अव्यक्त ओढीची एक अस्पष्ट रेषा व्याही-विहिणीच्या थट्टेच्या गाण्यात आलोकनाथ आणि रीमाबाई यांनी अशी काही दाखवली आहे, की नवरा शेजारी बसलेला असताना त्यात गैर काही वाटू नये आणि तरीही न बोललेल्या गोष्टीचा भास राहावा. दोन मुलींच्या आईला तिचे स्वतःचे तारुण्य होते, एवढी साधी गोष्ट हिंदी चित्रपट फार क्वचित आठवतो. ती या गाण्यात प्रेक्षकाला आठवते याचे श्रेय लेखक-दिग्दर्शकाइतकेच त्या नटीच्या संयमाला आहे.

हा चित्रपट १९९४ सालचा. त्याच साली दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ ही मालिका सुरू झाली, आणि या एका वर्षाचा पुरावा माझ्या मते या सबंध वादाचा निकाल लावण्यास पुरेसा आहे. मोठ्या पडद्यावर त्या साली रीमाबाई माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे यांची आई होत्या, इतकेच नव्हे तर चित्रपटाच्या उत्तरार्धात आजीही झाल्या. आणि घरातल्या छोट्या पडद्यावर, त्याच महिन्यांत, त्याच प्रेक्षकांपुढे, त्या कोकिळा कुलकर्णी होत्या: केशव कुलकर्णींची ठसकेबाज बायको, जिच्यावर शेजारचा दिलरुबा भाळलेला आहे, तर इकडे तिचा नवरा त्या शेजाऱ्याच्या सिनेनटी बायकोमागे घुटमळतो आहे. जतीन कनाकिया, राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग यांच्यासारख्या विनोदात मुरलेल्या नटांच्या मेळ्यात ही बाई पुरून उरली. येथे तिला वय झालेले नाही, पांढरी बट नाही, त्याग नाही. आहे तो नवऱ्याची लबाडी ओळखूनही न ओळखल्याचा बहाणा, स्वतःच्या रूपाची रास्त जाणीव, आणि वाक्याचे शेवटचे अक्षर पडायच्या आत प्रतिवाक्य फेकण्याची चपळाई. लक्षावधी प्रेक्षकांनी दोन्ही रूपे एकाच वेळी स्वीकारली. कोणालाही ती एकमेकांआड येताना दिसली नाहीत. जी नटी एकाच वर्षी आजी आणि लोभस शेजारीण या दोन्ही रूपांत सारखीच पटते, तिला साचेबंद म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

पण मालिका म्हटली की आमच्या चोखंदळ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. चित्रपट ही कला, नाटक ही तर साधना, आणि मालिका मात्र रतीब, अशी एक उतरंड त्यांनी मनाशी रचून ठेवली आहे. मला ही उतरंड मान्य नाही, निदान विनोदी अभिनयाच्या बाबतीत तर मुळीच नाही. ‘तू तू मैं मैं’ चेच पाहा. सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत देवकी ही सासू आणि राधा ही सून, म्हणजे रीमाबाई आणि सुप्रिया पिळगांवकर, वर्षानुवर्षे एकाच घरात, एकाच प्रकारच्या कारणांवरून भांडत राहिल्या. आमच्या मराठी नाटकांतून आणि लोकगीतांतून सासू ही छळवादाची मूर्ती म्हणून आलेली. हिंदी चित्रपटात ललिता पवारांनी तिला जे रूप दिले ते पुसणे तर अशक्यच वाटत होते. देवकीने ते पुसले. तिचा राग खरा आहे, तिचा हट्ट खरा आहे, सुनेला घालून पाडून बोलण्यातला तिचा आनंदही खरा आहे; पण ती दुष्ट नाही, आणि सून आजारी पडली तर सर्वांत आधी कासावीस होणार ती तीच, हा विश्वास प्रेक्षकाला पहिल्या काही भागांतच येतो. भांडणाचा वेग राखून त्याखाली जिव्हाळ्याचा स्थिर प्रवाह टिकवणे, आणि हे दर आठवड्याला, नवा मजकूर हाती घेऊन, मोजक्या तालमीवर, पुन्हा पुन्हा करणे, याला जी हुकमत लागते ती रंगभूमीवर वर्षे घालविल्याशिवाय येत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायला शिकलेला आवाज तिने बैठकीच्या खोलीत बसलेल्या प्रेक्षकासाठी बरोबर तेवढा खाली आणला. जिथे रंगमंचावर हात उचलावा लागतो तिथे भुवई पुरते, हे तिने ओळखले. रंगभूमीचा वारसा त्यांनी वाया घालविला असे म्हणणाऱ्यांना तो वारसा कोठे खर्च झाला हे पाहायचे असेल, तर या मालिकेत पाहावे. पुढे ‘तुझं माझं जमेना’ या मराठी मालिकेत त्यांनी पुन्हा सासू केली. ती देवकीची नक्कल नाही, हेही तपासून पाहण्यासारखे आहे.

पारितोषिकांचा मुद्दा मी थोडक्यात निकालात काढतो, कारण तो मुळातच हलका आहे. साहाय्यक अभिनेत्री म्हणून फिल्मफेअरसाठी त्यांचे नाव चार वेळा नामांकनात आले आणि एकदाही बक्षीस मिळाले नाही, हे खरे. ‘साहाय्यक’ या कोष्टकात ‘वास्तव’ ची शांता बसवली जाते यावरून त्या कोष्टकाची योग्यता कळते, शांतेची नव्हे.

आता राहिला शेवटचा आणि सर्वांत प्रतिष्ठित दिसणारा आक्षेप: त्यांनी नकार द्यायला हवा होता, चांगल्या भूमिकेची वाट पाहायला हवी होती. हा उपदेश करणारे बहुतेकजण स्वतः दरमहा वेतन घेणारे असतात, आणि नटाच्या व्यवसायात वाट पाहण्याचा अर्थ काय होतो याची त्यांना कल्पना नसते. पडद्यावरून दोन वर्षे दूर राहिलेल्या पस्तिशीच्या स्त्रीला परत बोलावणारी चित्रपटसृष्टी १९९० च्या सुमारास अस्तित्वात नव्हती. नायिका चाळिशीची असावी, तिला प्रेम, महत्त्वाकांक्षा, अपराध, पश्चात्ताप असावेत, अशी कथा लिहिणारेच विरळा. ज्या भूमिका लिहिल्याच गेल्या नाहीत त्यांची वाट पाहत घरी बसणे यात कोणता बाणेदारपणा होता? शिवाय रीमाबाईंनी वाट पाहिली नाही असे म्हणणेही चूक आहे. हिंदी चित्रपट जे देत नव्हता ते त्या मराठी नाटकात आणि मालिकांत शोधत राहिल्या, आणि तेथे त्यांना ते वारंवार सापडलेही. एका हाताने व्यवसायाने दिलेले काम चोख करायचे आणि दुसऱ्या हाताने आपल्या मनाजोगते काम मिळवायचे, हा मार्ग त्यांनी बँकेतल्या दिवसांपासून पत्करला होता आणि तो त्यांनी सोडला नाही.

याचा शेवटचा दाखला ‘नामकरण’ या मालिकेचा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत त्यांनी दयावंती मेहता ही आजी रंगवली, आणि ही आजी प्रेमळ नव्हती; घराण्याच्या नावाच्या हट्टापायी नातीचे अस्तित्वही नाकारणारी, गोड बोलून घाव घालणारी, निष्ठुर बाई होती. म्हणजे ज्या मुद्रेवर सबंध देशाने वात्सल्याचा शिक्का मारून ठेवला होता, ती मुद्रा घेऊन त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच वात्सल्याविरुद्ध काम करायला घेतले होते, आणि त्या चेहऱ्यावरचा लोकांचा विश्वास हेच त्या खलभूमिकेचे शस्त्र केले होते. १७ मे २०१७ रोजी त्या याच मालिकेचे चित्रीकरण करीत होत्या. दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखांत या दयावंतीचा उल्लेख आला तो ‘त्यांची अखेरची मालिका’ एवढ्याच तीन शब्दांत. ती कोण होती, आणि रीमाबाईंनी ती का पत्करली असेल, हा प्रश्न सोज्ज्वळ आईला निरोप देण्याच्या गडबडीत कोणी विचारला नाही. तो विचारला गेला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.